चिपाडांवरची अक्षरं

शिराळ्याजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर एक चिनी कलाकार बाई महिनाभर राहिली. वाळत टाकलेल्या उसाच्या चिपाडांवर ती शाईनं चिनी अक्षरं काढायची आणि मग त्यातच मढ्यागत पडून राहायची. मराठी शब्द तिला एकच यायचा, "वाचा!"

"काय कपाळ वाचू?" माझे वडील, दादा, करवादायचे.

तिच्या या चिपाडांच्या प्रदर्शनाच्या दिवशी जाळ घालणाऱ्या गड्यानं सवयीनं त्यांचा निम्माअधिक ढीग चुलवाणात सारला. आम्ही ओरडत धावलो. बाई मात्र धुराकडं बघत राहिली, मग वरच्या काहिलीत उकळणाऱ्या रसाकडं. हसली. उरलेली चिपाडं तिनं स्वतःच जाळात लोटली.

पाहुणे आले, तसं तिनं एकेकाच्या तळहातावर कोमट गूळ ठेवला. "वाचा!"

दादांनी बोटं चाटली आणि हात परत पुढं केला.

"बाई, आनि एकदा वाचतो की."