गंगूला उठवणार कोण?

हैदराबादेत, अंबरपेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून सुशीलाबाईंचं घर. बाई मराठी फाडफाड बोलतात, पण शाळा झाली तेलुगूतून, त्यामुळे मराठी वाचायचं म्हटलं की अक्षरं लावत बसतात. म्हणून दुपारी चिंच घेऊन माझ्याकडे येतात. त्या चिंचोके काढतात, मी कथा वाचते. वाचते कसली, दर चार ओळींनी मला अडवतात. हिच्या माहेरचे कुठं मेले होते, असं मलाच विचारतात, जशी काही कथेतली माणसं माझ्या नात्यातली!

मनानं बाई चांगली. पण एखाद्यावर एकदा फुली मारली की मारली. यंदा ती सुनेवर मारली होती.

मृण्मयी पुण्याची, कंप्युटरच्या नोकरीतली, हसतमुख पोरगी. बाळंतपणानंतर तिची झोप उडाली, बोलणं बंद झालं. एका दुपारी रडतं बाळ पाळण्यात टाकून ती निघाली आणि बसस्टॉपवर जाऊन बसून राहिली. मुलगा, विकास, तिला माहेरी सोडून आला. बाळ मात्र इथंच. पुण्यात तिला औषधं सुरू झाली, आणि आता डॉक्टर म्हणत होते, बरी आहे, बाळाजवळ जाऊ द्या. सुशीलाबाई म्हणत होत्या, माझ्या उंबऱ्यात नक्को. बिचारा विकास दोघींच्या मध्ये वाळत चालला होता. माझा जीव तुटायचा. समजावून समजावून थकले, पण ऐकतील त्या सुशीलाबाई कसल्या.

शेवटी मी एक कथा शोधली. मुद्दाम शोधली, खोटं कशाला सांगू? गंगू नावाची बाई तान्ह्या पोराला झोपडीत ठेवून नदीकाठी जाऊन बसते. एवढं ऐकताच बाईंनी तिला कैदाशीण ठरवून टाकलं. मी वाचत राहिले. गंगूला पोराचं रडणं ऐकू येतं. पदर दुधानं भिजतो. उठावं असं फार वाटतं, पण पाय उचलत नाहीत. आपल्याच हातून त्याचं काही बरंवाईट होईल, या धास्तीनं ती लांब बसलेली असते. अंधार पडतो, आणि कथा संपते.

सुशीलाबाईंचे हात थांबले होते. पुढचं वाच म्हणाल्या. पुढं काही नाही म्हटलं, तर माझ्यावरच उखडल्या.

"तिला उठवायला कुणी गेलंच नाही? लिहिणारा मेला तिला तिथंच बसवून गेला?"

दुसऱ्या दिवशी आल्या त्या रिकाम्या हातानं. डोळे सुजलेले. ती बाई डोळ्यांपुढून हलतच नाही म्हणाल्या. मृण्मयीचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण देवाशप्पथ, मी एक शब्द बोलले नाही.

फोन त्यांनीच लावला, स्पीकरवर. पलीकडे मृण्मयीनं उचलला. सासूनं एवढंच विचारलं की कशी आहेस. तशी ती रडायला लागली.

"आई, मला अजून बाळाची भीती वाटते."

मला वाटलं, झालं, आता फोन आपटतात.

"विकासच्या वेळी मलाही वाटायची," सुशीलाबाई म्हणाल्या. "आजवर कुणाला सांगितलं नाही. तू ये. दोघी बसू त्याच्याजवळ."