गुलाबी औषधाचे डॉक्टर

कुरुंद्याच्या माणिकरावांना गल्ली ‘डॉक्टर’ म्हणायची, अन् त्यातली थट्टा एकट्या माणिकरावांनाच कळायची न्हाई. तरणेपणी वसमतच्या एका दवाखान्यात त्यांनी आठ महिने फरशी पुसली होती. तेवढं शिक्षण जन्मभर पुरलं. घरात खुंटीला एक पिशवी होती. गल्लीतलं कुणाचं लेकरू बरं झालं की उरलेली बाटली त्या पिशवीत यायची. पैशाचं औषध फेकायचं पाप कोण करतो? नावं वाचायची भानगडच नव्हती. माणिकराव औषध रंगावर वळखायचे. पिवळं तापाचं, हिरवं पोटाचं, गुलाबी खोकल्याचं.

त्या सकाळी सून कोमल हळद वाळू घालायला गेली अन् अडीच वर्षांचा रुद्र खोकला. डॉक्टरला पेशंट घावला. शेजारीण लखमाच्या पोरीचं उरलेलं गुलाबी पिशवीतून निघालं. टोपणभर पाजलं, वर अर्धं टोपण आजाच्या मायेचं.

तंबाखू मळून व्हायच्या आत पोराच्या अंगभर गांध्या उठल्या.

“देवी आली गं माय!” माणिकरावांच्या बायकोनं, गोजरबाईनं, हात जोडले. “लिंबाचा पाला आणा. लेकराला उंबऱ्याबाहेर काढू नका.”

माणिकरावांना हे निदान लई आवडलं. देवी म्हणल्यावर औषधाकडं बोट जात न्हाई. ते पाल्याला निघाले, अन् दारातून वळून पाहतात तं रुद्राचे ओठ सुजलेले, डोळे मिटत आलेले, छातीत शिट्टी वाजून राहिलेली. देवी त्यांनी गावात कितीकदा पाह्यली होती. ती शिट्टी वाजवत कधी आली नव्हती. पाल्याचं सोडून ते परत आत आले.

तेवढ्यात कोमल आली. “मामा, काय पाजलं?”

“काई न्हाई. जरासं गुलाबी.”

“गुलाबी? मागं पोळ्याला त्यानंच पुरळ आलं व्हतं की! वसमतच्या डॉक्टरीणबाईनं कागदावर लिहून दिलं, तो कागद मी खिडकीत ठेवला!”

“देवी कोपंल, कोमल!” गोजरबाई दारात आडव्या झाल्या.

“कोपू द्या. तिला म्हणावं, वसमतच्या दवाखान्यात भेट.”

लेकराला उचलून, सासूला बाजूला सारून ती गल्लीतल्या मुन्नाच्या ऑटोत बसली. मागून माणिकराव पिशवीसगट चढले. वाटभर लेकरू एकेका श्वासासाठी झगडत होतं, अन् माणिकराव पिशवी उराशी धरून बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. शिट्टी हळूहळू बसली. मग त्यांनी विचारलं, “औषध कोणतं?”

“गुलाबी,” माणिकराव म्हणाले.

“काका, गुलाबी नावाचं औषध नसतं. मी दिलेला कागद कुठंय?”

“खिडकीतून गेला, बाई. लई शोधला,” कोमल म्हणाली.

माणिकरावांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली. कागद जाड होता, पुडीला बराबर होता, म्हणून खिडकीतून त्यांनीच उचलला होता. बाईंनी तंबाखू झटकली. खाली लाल शाईत औषधाचं नाव, अन् त्यापुढं : या मुलाला पुन्हा कधीही देऊ नये. बाईंनी नाव मोठ्यानं वाचलं. एवढ्या वर्षांच्या डॉक्टरकीत गुलाबीचं नाव माणिकरावांनी पहिल्यांदा ऐकलं.

दोन दिवसांनी रुद्र घरी आला अन् आल्याआल्या बिस्किटासाठी रडला. आठ दिवसांत आजाही पारावर अ‍ॅलर्जीवर बोलू लागला.

“गांध्या पाहूनच मला शंका आली व्हती.”

“व्हय तं,” मुन्ना म्हणाला. “म्हणून तं पाला तोडायला निघाले व्हते.”

पारावर हसू फुटलं. माणिकराव उठून घरी आले, तं दारात लखमा पोरीला घेऊन उभी.

“डॉक्टर, पोरगी खोकून राहिली. गुलाबी उरलं असंल ना?”

सवयीनं हात खुंटीकडं गेला. पिशवी कोमलनं कधीच उकिरड्यात पुरली होती. खुंटीला तोच कागद टोचलेला होता, तंबाखूच्या डागांसगट. आत चुलीपुढं बसलेली कोमल सासऱ्याच्या हाताकडंच पाहत होती.

माणिकरावांनी हात खाली घेतला.

“मुन्नाचा ऑटो पारापाशी हाय,” ते म्हणाले. “वसमतला ने तिला.”