जावयाचा आहेर

ही गोष्ट मी घरातसुद्धा कधी सांगितली नाही. कुणी त्या वर्षीच्या फुटबॉल लीगचा विषय काढला की मी गुडघेदुखीचा विषय काढायचो. आता अठ्ठ्याहत्तरी ओलांडली. खोटं माझ्यामागे खरं म्हणून राहू नये, एवढ्यासाठी लिहितो आहे.

बेळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फळा आहे. लीग सुरू झाली की रोज संध्याकाळी त्यावर निकाल लिहायचा आणि खाली हरलेल्यांना एक चिमटा काढायचा, ही गल्लीची रीत. मी शाळामास्तर, अक्षर चांगलं. निवृत्तीनंतर खडू माझ्याकडे आला. फळ्यासमोरच्या टपरीवर आम्ही आठ-दहा जण चहा पीत प्रत्येक संघाची चिरफाड करायचो. सगळ्यात जास्त खालच्या गल्लीची, कारण त्या हंगामात ते एकही सामना हरले नव्हते.

"त्यांचे फॉरवर्ड नुसते पळत्यात. सगळं त्या कीपरवर चाललंय."

"कीपर आपला जावई हाय, इसरू नको. कौतुक कर."

"करतो की. लेक दिली, आता लीग बी देऊ काय?"

तो कीपर मच्छेच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता. बायको आमच्या गल्लीतली.

शेवटचा सामना त्यांचा आणि आमचा. बरोबरी झाली तरी लीग त्यांची. आदल्या दिवशी मी गुडघा दाखवायला काकतीच्या हाडवैद्याकडे गेलो, तर तो कीपर तिथे बसलेला. कामावर उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती, सुजून काळीनिळी पडली होती. वैद्याने पट्ट्या बांधल्या आणि महिनाभर हाताला आराम द्यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अण्णा, कुठं बोलू नगासा. दुसरा कीपर परगावी हाय. मी न्हाय उतरलो तर कोण उभारणार?"

मी शब्द दिला. तो पाळलाही, हेच वाईट झालं.

सामन्यात तो पट्ट्या सोडून, ग्लोव्ह्ज चढवून उतरला. आमचे दोन साधे फटके त्याच्या हातांतून निसटून जाळ्यात गेले. लीग आमची झाली. गल्लीत हलगी वाजत होती आणि सगळे माझ्या खडूकडे बघत होते. मी लिहिलं: 'जावयाचा आहेर पोचला. नग दोन.' लोक पोट धरून हसले. फोटो निघाले, आणि अंधार पडायच्या आत तो फळा खालच्या गल्लीतल्या प्रत्येक फोनवर होता.

तिथे कुणी हसलं नाही. याने सासरवाडीसाठी सामना सोडला, असं त्याच्याच माणसांनी धरलं. त्याने बोटं दाखवली, तर म्हणाले, सामन्यानंतर मुद्दाम ठेचून घेतलीस. वैद्य आणि कामावरचे सोबती त्याच्या ओळखीचे, म्हणून त्यांचं कुणी धरलं नाही. तेव्हा त्याने साक्षीला माझं नाव सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यातले दोघे टपरीवर आले. "मास्तर, सामन्याच्या आदल्या दिवशी तुमी काकतीला हुतासा, असं म्हणतोय त्यो. व्हय का न्हाय, एवढंच सांगा."

आमचे सगळे चहा पिता पिता थांबले. हो म्हटलं असतं तर आमची लीग मोडक्या बोटांच्या कीपरवर जिंकलेली ठरली असती. आणि माझी ओळ, जिची वाहवा अजून चालू होती, ती खोटी ठरली असती.

"काकतीला? मी तर मैदानाशिवाय आठवडाभर कुठंच गेलो न्हाय," मी म्हणालो.

"बघ, म्हणलो न्हवतो?" एक दुसऱ्याला म्हणाला, आणि दोघे निघून गेले.

त्याला संघातून काढलं. बायकोचं माहेर हाकेच्या अंतरावर, पण ती आमच्या गल्लीत पाऊल टाकेना. वर्षाच्या आत दोघं निपाणीला गेली. पुढच्या हंगामात टपरीवर कुणीतरी म्हणालं, "खालच्या गल्लीचं यंदा काय खरं न्हाय. कीपरच न्हाय त्यांच्याकडं." मीही मान डोलावली.

मागच्या महिन्यात मी निपाणीला गेलो. त्याचं वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि विचारलं, "यंदा लीग कशी चाललीया, अण्णा?" मी तासभर सांगत बसलो, कुणाचा बचाव ढिला, कुणाचा फॉरवर्ड फॉर्मात. तो मन लावून ऐकत होता. कप त्याने डाव्या हातात धरला होता. मग गिऱ्हाईक आलं आणि मी उठलो.

बोलायचं ते घरून पाठ करून गेलो होतो: मी काकतीला होतो, तुझी बोटं मी पाहिली होती, चुकलं माझं. ते तसंच घेऊन बेळगावच्या बसमध्ये बसलो.