हिराबाईंची फडकी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या सगळ्या खोड्या तिला पाठ आहेत, पण ही — नाही. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. पोटात ठेवून कंटाळलो, एवढंच म्हणा.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. डोंबिवलीहून माजिवड्याच्या एका गॅरेजमध्ये यायचो, गाड्यांना पॉलिश करायला. हात चांगला होता, आणि त्याची घमेंडही — शेठ गिऱ्हाइकांसमोर कौतुक करायचे ना! पण खरं सांगू? पॉलिशचं निम्मं काम फडक्याचं असतं. आमची फडकी जुन्या सुती बनियनची. घासायच्या कंपाउंडची वेगळी, शेवटचा हात मारायची वेगळी. एकत्र धुतली किंवा मातीत वाळवली, की कण आत शिरलेच, आणि मग रंगावर रेघा.

ती धुवायच्या हिराबाई. खाडीकाठच्या कोळीण, नवरा गेलेला. सकाळची मासळी विकून झाली की आमचं गाठोडं न्यायच्या. एकदा फडकी कमी पडली म्हणून मी त्यांच्या घरी गेलेलो. बोंबील अंगणाच्या एका टोकाला, आणि आमची फडकी पार दुसऱ्या टोकाला, उंच दोरीवर. खाली पाणी शिंपडलेलं, धूळ उडू नये म्हणून. मी म्हटलं, "काय हिराबाई, सत्यनारायण आहे का?" त्या म्हणाल्या, "हस, हस. गाडीला रेघ उठली तं बोल माला लागंल."

मग ती काळी गाडी आली. एका डॉक्टरांची. मुलगी त्याच गाडीतून सासरी जायची होती. शेवटचा हात मारताना माझ्या हातातून फडकं खाली पडलं. पडलेलं फडकं धुतल्याशिवाय रंगाला लावायचं नाही — हे मीच सगळ्यांना शिकवायचो! दुसरं घ्यायला चार पावलं चालायचं होतं. मी झटकलं, आणि तेच फिरवलं. गाडी उन्हात काढली तर बॉनेटभर बारीक गोल गोल रेघा.

शेठ माझ्याकडे बघत होते. कौतुकाने नाही. आणि मी — बोललो. "फडकीच खराब आहेत शेठ. हिराबाई ती मासळीच्या रेतीत वाळवतात."

कुणी सुचवलेलं नव्हतं. मीच रचलं. आणि कोळणीबद्दल असं बोललं की शेठना लगेच पटणार, हे मला पक्कं माहीत होतं. यालाच नीचपणा म्हणतात, नाही का?

शेठनी हिराबाईंना बोलावलं. सगळ्यांदेखत त्यांना घाणेरडी म्हटलं. त्या चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "तू आलेला ना रे घरा? सांग ना यांना, फडकी कुठं सुकतान."

एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

हिराबाई मग गेल्या. काम सुटलंच, पण आजूबाजूच्या दोन गॅरेजांनीही त्यांना फडकी द्यायचं बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या घरी राहिलेलं आमचं गाठोडं आणून देऊन गेल्या. धुतलेलं, घडी घातलेलं.

डॉक्टरांची गाडी मला पुन्हा करायला लागली. नव्या लाँड्रीवाल्याची फडकी अजून यायची होती, म्हणून मी हिराबाईंचंच ते गाठोडं सोडलं. सगळी गाडी त्याच फडक्यांनी केली. आरशासारखी झाली. शेठ उन्हात चारी बाजूंनी फिरले, वाकून बघितलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघितलंस? बाई काढली नि एक रेघ नाही."

मी म्हणालो, "हो ना शेठ."