भावोजींचा अंदाज

सेतुमाधवराव म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, आमचे भावोजी. तंजावरात जन्मभर सरकारी कारकुनी केली, रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून देश चालवायला बसले. कुठं? घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, पाय पसरून! नागपट्टणात कोण किती मतांनी पडला, मायावरमात कुणाचं डिपॉझिट गेलं, सगळं तोंडपाठ. आत अक्का कॉफी गाळून गाळून थकायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. यांच्याकडे तर बैलही नव्हता.

माझ्या बहिणीला, कनकलताक्काला, मात्र कुणी कधी काही विचारलं नाही. मुलाला कुठं शिकवायचं, तिनं साडी कुठली नेसायची, सगळं भावोजी ठरवणार. वर, "तिला काय कळतंय?" हे तिच्या तोंडावर. ती पदराला हात पुसत आत जायची. मी शेजारच्याच घरात, ऐकून माझं रक्त उकळायचं.

अठ्ठ्याण्णवची लोकसभा. पोंगल नुकता झाला होता. दिल्लीच्या कुठल्याशा मासिकाची माणसं घरोघर मतांचा कल विचारत फिरताहेत अशी बातमी आली. भावोजींनी कपाटातली इस्त्रीची वेष्टी काढून नेसली. सगळ्या गल्लीला सांगून झालं, "आता माझं मत दिल्लीला जाणार!"

आली एकदाची तिरुचीची भारती नावाची बाई. मी तिथंच होते. भावोजी लगेच सुरू, "हं, लिहा—"

"थांबा सार. घरातल्या मोठ्या माणसांत ज्यांचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, त्यांनाच विचारायचं, असा नियम आहे."

"मग मीच की! कार्तिकात झाला. वडा, पायसम, सगळं झालं."

"आणि अम्मांचा?"

मायावरमचं डिपॉझिट आठवणारा माणूस आढ्याकडे बघायला लागला. "तिचा... आडी महिन्यात, आषाढात असेल कधीतरी."

"काल होता," स्वयंपाकघराच्या दारातून अक्का म्हणाली. "पोंगलचा तै महिना, उत्तरा नक्षत्र."

मी तिला नेऊन दिलेला मोगऱ्याचा गजरा अजून तिच्या केसांत होता. या शहाण्याला तोही दिसला नव्हता.

भावोजी तडकले. "नक्षत्र चालत नाही! इंग्रजी तारीख पाहिजे!"

"तुमचं कार्तिकातलं बरं चाललं?" मी म्हटलं.

"अम्मा, तुम्ही बसा," भारती म्हणाली. "सार, तुम्ही दोघं बाहेर थांबा. दुसऱ्यांच्या देखत विचारायचं नसतं."

अय्यो, ते तोंड! भावोजी स्वतःच्याच तिण्णैवर बंद दाराला कान लावून उभे, आणि गल्लीतले जाता-येता विचारताहेत, "काय राव, गेलं का मत दिल्लीला?" मला हसू आवरेना. पण दार उघडून अक्का बाहेर आली, तिचा उजळलेला चेहरा बघितला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्या बहिणीला कुणीतरी विचारलं होतं.

तेव्हापासून भावोजींची भुणभुण. कुणाचं नाव सांगितलंस? त्याचं? का दुसऱ्याचं? पुढं त्या मासिकात मतांचा अंदाज छापून आला. आकडे घोकून झाले, पण त्यातल्या कुठल्या आकड्यात आपली बायको बसलीय, ते काही कळेना. शेवटी भर तिण्णैवर, चार माणसांत ओरडले, "अगं, एवढं नवऱ्याला सांगायला काय होतं?"

अक्कानं कॉफीचा टंबलर त्यांच्यापुढं ठेवला.

"मला काय कळतंय?" म्हणाली, आणि आत गेली.