गरम कुंडातला चिन्नोर

लेकीचं लग्न ठरलेलं, अन् ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. "माय, परीक्षा झाल्यावरच लगन. तू इहिणीले सांग," असं तिनं मला बजावलं होतं. इहीण म्हणजे होणाऱ्या जावयाची आई, राजेगावची, मानपान बघणारी. तिला सून फाल्गुनातच घरात हवी होती. अन् मी? माझा आवाज चार घरं ऐकतात, पण इहिणीपुढं जिभेला कुलूप!

म्हणून आमच्या किरनापूरच्या बायकांची मंडल्याकडं सहल ठरली, तेव्हा तिलाही बोलावलं. दिवसभरात कुठंतरी विषय काढू म्हटलं. आधी रामनगरचे गोंड राजांचे पडके महाल, मग गरम पाण्याचं कुंड. जेवणाची व्यवस्था मीच छातीठोकपणे सांगितली. "डबे काहून आणता? कुंडात भात शिजते. पोटली बांधा, पाण्यात सोडा, झालं!" मोबाईलवर कुठल्याशा कुंडाचा व्हिडिओ पाहिला होता ना! गरम पाणी इथून तिथून सारखंच, असं मला वाटलं. इहिणीच्या मानासाठी घरचा चिन्नोर तांदूळ घेतला, शिजला की गल्लीभर वास सुटणारा.

महालात एका कमानीखाली इहीण एकटी सापडली. मी पदर सावरला, तोंड उघडलं, अन् आमच्या गाइडनं फुर्रकन शिटी मारली. "दीदी लोग, इधर देखिए, राजा यहीं बैठते थे!" राजा बसला, माझं बोलणं मात्र राहिलं. मेल्याच्या शिटीला मी मनातल्या मनात लाख शिव्या घातल्या.

कुंडावर पोटल्या बघून त्यानं कपाळाला हात लावला. "आंटीजी, ये नहाने का पानी है, पकाने का नहीं!" ऐकतंय कोण? सोडल्या पोटल्या, अन् पाय पाण्यात टाकून आम्ही रांगेत बसलो. पाणी कसं? बाळंतिणीच्या आंघोळीएवढंच गरम. पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा इहिणीनं स्वतः पोटली वर ओढली अन् दाणा दातांखाली घेतला.

कट्ट!

मेले मी, असं वाटलं. चिन्नोरचा वास गेलेला, गंधकाचा आलेला. इहीण माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या पोटातून जे हसू फुटलं, बाई गं! "इहीणबाई, हा तांदूळ आहे का गिट्टी?" तिनं मूठभर माझ्याही तोंडात कोंबला. सगळ्या लोळायच्या बाकी राहिल्या. गाइडनं बिस्किटाचे पुडे काढले, ते आम्ही लहान पोरींसारखे हिसकावून खाल्ले. इहिणीनं माझ्या अंगावर पाणी उडवलं, मी तिच्या.

त्या हसण्यातच माझ्या तोंडून सुटलं. "इहीणबाई, पोरीची परीक्षा होऊ द्या, मंग लगन करू!"

पाणी उडवणारा तिचा हात तिथंच थांबला. झालं, आता मोडते सोयरीक!

"माहं लगन ठरलं तवा मी सातवीत होती," ती म्हणाली. "माह्या मायले बी असंच बोलाचं होतं. माह्या सासूपुढं हात जोडून उभी राह्यली, अन् तोंडातून शब्दच नाही निंघाला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी बोलल्या, लय बेस केलं. होऊ द्या परीक्षा. पोराले मी सांगतो."

मला हसू अन् रडू एकदमच आलं. मी तिचा ओला हात धरला, अन् तिनं तो सोडवला नाही.