झिणझिण्या

लाँड्रीत उभ्याने इस्त्री फिरवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. विजेशी रोजचा संबंध, तरी धाक काही सुटला नव्हता. शेजारच्या टेबलावरची बाई शॉक लागून भिंतीवर आपटलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. म्हणूनच घरातल्या जुन्या फ्रीजच्या लोखंडी दांड्याला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या, तेव्हा तिने हात झटकन मागे घेतला.

नवरा बस चालवायचा. त्याला सगळ्याचीच चेष्टा. "तुला काय, वाऱ्याचासुद्धा शॉक लागतो!" तो म्हणाला.

"अहो, खरंच करंट येतोय. बंदच ठेवू या."

"आणि दूध नासलं म्हणजे? थंड करतोय ना तो? चप्पल घालून उघड. सुट्टीच्या दिवशी मेकॅनिकला बोलावतो."

तिने फ्रीजपुढे रबरी चटई टाकली, सासूबाईंना दहादा बजावलं. तरी फ्रीज घुरघुरायला लागला की ती हातातलं काम टाकून तिकडे बघायची.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई भांडी घासून उठल्या. अनवाणी पाय, ओले हात. चटई वाळत घातलेली. चहाला दूध हवं म्हणून त्यांनी दांडा धरला आणि सुटेचना. तोंडातून शब्द नाही, नुसती थरथर.

"आई!" ती धावली. ओढून काढायला हात पुढे गेला आणि तिथेच थिजला. शिवलं की आपणही चिकटणार! फ्रीजचा प्लग मागे, भिंतीला लागून. तिथवर हात पोचणं शक्य नव्हतं. ती उलटी फिरली, दाराबाहेर पळाली आणि मीटरखालचा मेन स्विच तिने खाडकन खाली ओढला.

आत काहीतरी धप्पकन पडलं. परत जायला तिचे पायच उचलेनात. संपलं सगळं, असंच वाटलं. मग आतून बारीक आवाज आला, "अगं, पाणी दे."

तिने तिथेच भोकाड पसरलं.

सासूबाईंचा तळहात भाजला होता. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली, एक दिवस ठेवून घेतलं, घरी सोडलं. मेकॅनिकने फ्रीज पुढे ओढला. मागची वायर कॉम्प्रेसरला घासून सोलवटली होती आणि पत्र्याला टेकली होती. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं.

"झिणझिण्या आल्या की लगेच प्लग काढायचा, ताई," तो म्हणाला. "थंड करतोय म्हणजे धड आहे, असं नसतं."

त्याने वायर बदलली, अर्थिंग ओढलं, करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवला आणि टेस्टर लावून दाखवला. टेस्टरचा दिवा लागला नाही.

नवरा एका बाजूला उभा होता. चेहरा पांढराफटक. मेकॅनिक गेल्यावर तो हळूच म्हणाला, "तू आधी उघड ना."

तिने हात पुसले, दांडा धरला. काही झालं नाही. तरी पुढेही बरेच दिवस ती चप्पल घालूनच फ्रीज उघडत राहिली.